अनुदान संपल्यानंतरचे वेंगुर्ले

२५ मे २०२५ रोजी नैऋत्य मोसमी पाऊस देवगडपर्यंत येऊन पोहोचल्याची वार्ता हवामान खात्याने दिली. आदल्याच दिवशी त्याने केरळात प्रवेश केला होता. एरवी तेथून कोकणात उतरायला जो पाऊस आठवडाभर तरी घेतो, तो या खेपेस एका दिवसात आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत दाखल झाला. महानगरांतील वृत्तपत्रांनी या बातमीचे कौतुक केले. उकाड्यातून सुटका झाली म्हणून लोकांनीही सुस्कारा टाकला. सिंधुदुर्गातील गृहिणीच्या लेखी मात्र त्या पावसाचा अर्थ वेगळा होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे रातांबे फोडून सोलं वाळवण्याचा, मासळी सुकवून बेगमी करण्याचा, झाडावर उरलेला आंबा उतरवून घेण्याचा काळ. वर्षाच्या मिळकतीचा एक हिस्सा या आठ-दहा दिवसांच्या उन्हावर अवलंबून असतो आणि नेमके तेच ऊन त्या वर्षी पडले नाही.

हवामान बदल हा शब्द आपल्याकडे बहुधा परिषदांच्या निमित्ताने कानावर येतो. कोणत्या राष्ट्राने किती कर्बवायू कमी करायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर वर्षानुवर्षे चर्चा चालते. ती निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दक्षिण कोकणात हा प्रश्न चर्चेच्या टप्प्यापलीकडे केव्हाच गेला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास क्यार आणि त्यापाठोपाठ महा ही वादळे अरबी समुद्रात उठली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेले आणि उभ्या बागा आडव्या झाल्या, गावेच्या गावे काही दिवस अंधारात राहिली. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. त्यातील चक्रीवादळांची संख्या आणि तीव्रता अलीकडच्या दशकांत वाढली असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मांडले आहे. वादळे तरी वर्षांतून एखाद्या वेळी येतात. थंडी उशिरा पडणे, मोहोर लांबणे, ऐन मोहोरात आभाळ भरून येणे, तुडतुडा आणि फुलकिड्यांनी आंबा आणि ढेकण्याने काजू धरणे हे मात्र आता वर्षाआड येणाऱ्या पाहुण्यासारखे झाले आहे.

अशा वेळी या प्रदेशातील माणूस काय करतो, हा खरा पाहण्याचा विषय आहे. त्यासाठी वेंगुर्ल्याकडे पाहावे.

वेंगुर्ले हे गाव परिस्थितीचे फटके खाण्यास नवखे नाही. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. १८१२ मध्ये हे बंदर इंग्रजांकडे गेले. घाटावरचा माल आंबोलीमार्गे उतरून वेंगुर्ले बंदरात गलबतांवर चढे आणि बेळगावच्या छावणीचा राबता याच वाटेने चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर रेल्वेने घाटाशी जोडले गेले आणि तो व्यापार तिकडे वळला. वेंगुर्लेकरांचा त्यात काही दोष नव्हता. जगाची वाट बदलली, इतकेच. पुढे शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिनेही वेंगुर्ल्याला वळसा घालूनच जाणे पसंत केले. मधल्या काळात या तालुक्याने मुंबईला गिरणी कामगार दिले, कारकून दिले आणि मराठी साहित्याला चिं. त्र्यं. खानोलकर, मंगेश पाडगावकर आणि आरवलीचे जयवंत दळवी दिले. घरे मात्र मनीऑर्डरवर चालली. जो शिकला तो बाहेर गेला, हा येथला रिवाज होऊन बसला. म्हणूनच गेल्या दहा-पंधरा वर्षांत या गावात जे काही छोटे उद्योग उभे राहिले, त्यांचे मोल केवळ आकड्यांत करता येणार नाही.

बंदराजवळच्या मांडवी खाडीत कांदळवन आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी कांदळवनाला पूर्वापार फारसा मान दिलेला नाही. चिखल, डास, कुबट वास. जळणासाठी फांद्या तोडाव्यात, उरलेल्या जागेत कचरा टाकावा, इतकाच त्याचा उपयोग. वस्तुतः भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभे राहणारे, चिखलातून वर श्वासमुळे काढणारे, काही जातींत तर झाडावरच बीजाला अंकुर फोडून मग ते पाण्यात सोडणारे हे वन म्हणजे निसर्गाची अद्भुत योजना आहे. कोळंबी, खेकडे, तांबोशी यांची पिले तेथेच वाढतात. वादळी लाटेचा जोर ते मोडते. त्याच्या मुळांखालच्या गाळात शतकानुशतके कर्ब साठून राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०१२ मध्ये वन विभागाने त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. कायद्याने तोड थांबते हे खरे, परंतु प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वनरक्षक उभा करता येत नाही हेही तितकेच खरे.

येथेच स्वामिनी महिला बचत गटाची कामगिरी लक्षात घ्यावी लागते. मच्छीमार कुटुंबांतील मूठभर महिलांनी २०१७ मध्ये मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून फिरवून कांदळवन दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गच्या सागरी जैवविविधतेसाठी जो प्रकल्प त्या काळात चालू होता, त्याचे पाठबळ त्यांना मिळाले. कांदळवन कक्षाचे मार्गदर्शन लाभले. होडी वल्हवायची त्यांनीच, झाडांच्या जाती ओळखून सांगायच्या त्यांनीच, पक्षी दाखवायचे त्यांनीच. इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही, तेलाचा तवंग नाही. भरती-ओहोटीचे गणित सांभाळून फेरी ठरते. ज्या बायांनी आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिली, त्या आता परगावच्या शिक्षित पाहुण्यांना चिप्पी कोणती आणि कांदळ कोणते हे समजावून सांगतात, ही गोष्ट एखाद्या विद्यापीठाला भूषणावह वाटावी अशी आहे.

पण कौतुकात मुख्य मुद्दा हरवू नये. या व्यवसायाचे वैशिष्ट्य त्याच्या मिळकतीत नाही, ती बेताचीच आहे. या व्यवसायाचे कच्चे भांडवलच मुळी जिवंत कांदळवन हे आहे. वन तुटले की दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्याला. त्यामुळे खाडीकाठी कोयता चालवणाऱ्याला हटकण्याचे काम आता ज्यांच्या चुलीशी ते निगडित आहे त्यांच्याकडे आपोआप आले. सरकारला त्यासाठी वेगळा पगार द्यावा लागत नाही. हरित उद्योग म्हणून जे हल्ली पुष्कळ मिरवले जाते, त्याला लावायची पहिली कसोटी हीच असावी : निसर्ग बिघडला तर त्या उद्योगाचे पैसे बुडतात की नाही? आपल्या आलिशान वसाहतीला हिरवे नाव देऊन डोंगर कापणाऱ्या बिल्डरचे पैसे बुडत नाहीत. मांडवीच्या होडीवाल्या बाईचे बुडतात.

दुसरी कसोटी अधिक कठोर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या साह्याचा तो प्रकल्प काही वर्षांत संपला. प्रकल्प संपण्यासाठीच असतात. त्या प्रकल्पात सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना चौकोनी आसाची जाळी देऊन लहान मासळी सुटून जाईल अशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न झाला, शिंपले आणि खेकडे संवर्धनाचे प्रयोग झाले. राज्य शासनाने २०१७ मध्ये कांदळवन परिसरातील गावांसाठी उपजीविका योजना आणली, तिच्यातही बहुतांश भांडवल सरकारचेच. अशा प्रयोगांपैकी कोणता अनुदानाच्या कुबड्या काढून घेतल्यावर चालू लागतो, यावर त्याची योग्यता ठरते. मांडवीची फेरी प्रकल्पाचा काळ संपल्यावरही चालू राहिली, कारण तिचा खर्च पाहुण्यांच्या तिकिटातून निघतो. देशी उद्योजकता म्हणतात ती हीच. तिच्यासाठी शहरातील चकचकीत कार्यालय आणि पडद्यावरचे सादरीकरण अनिवार्य असते असे नव्हे.

केनियातील गाझी उपसागराच्या काठी मच्छीमार गावांनी शंभरएक हेक्टर कांदळवन राखून त्यात साठणाऱ्या कर्बाचे मोल जागतिक बाजारात मिळवले आहे आणि त्या पैशातून गावाच्या पाण्याची, शाळांची सोय केली आहे. 'मिकोको पामोजा' या नावाने तो उपक्रम ओळखला जातो. भारतानेही २०२३ मध्ये कर्ब-पत व्यापाराची योजना अधिसूचित केली, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कांदळवन लागवडीसाठी 'मिष्टी' योजनेची घोषणा झाली. उद्या वेंगुर्ल्याच्या गाळातल्या कर्बाला भाव आला, तर तो कोणाच्या खात्यावर जमा व्हायचा? शासकीय जमिनीवरचे कांदळवन हे कायद्याने वन आहे. राखणदारी बायांची, मालकी खात्याची. हा प्रश्न आजच निकाली काढला नाही तर मुंबईतील एखादी सल्लागार कंपनी तो आपल्या पद्धतीने काढील, एवढे व्यवहारज्ञान आपल्याला असायला हरकत नाही.

मांडवीच्या मानाने काजूची कथा फार मोठी आहे आणि तिच्यात गुंतागुंतही अधिक आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले हे ब्राझीलचे झाड आता इतके कोकणी झाले आहे की त्याला परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वरकस जमिनीत, कातळाच्या फटीत, फारशा पाण्यावाचून ते जगते आणि उताराची माती धरून ठेवते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने या झाडाचे भाग्य पालटले. केंद्राच्या 'वेंगुर्ला-१' या १९७४ साली प्रसारित झालेल्या जातीचे मूळ तालुक्यातील अणसूर गावच्या निवडक झाडात आहे. १९८१ ची 'वेंगुर्ला-४' ही वेतोऱ्याचे झाड आणि बंगालमधील मिदनापूरचा लाल काजू यांच्या संकरातून आली. १९९७ च्या 'वेंगुर्ला-७' ची बी सरासरी दहा ग्रॅमची, म्हणजे गावठी बीच्या जवळजवळ दुप्पट भरते. हापूस आणि नीलम यांच्या संकराचा 'रत्ना', बिनकोयीचा म्हणून ओळखला गेलेला 'सिंधू' हे आंबेही याच केंद्राचे. परदेशी ज्ञान झिडकारायचे नाही आणि आपल्या मातीतील झाडाची परीक्षा केल्यावाचून ते उसनेही घ्यायचे नाही, ही संशोधकांची वृत्ती. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा लावायला कलमे तयार होती म्हणून कोकणातील ओसाड डोंगर काही वर्षांत हिरवे झाले. त्या मागणीवर तालुक्यात रोपवाटिका वाढल्या आणि कलमे बांधणारे कुशल हात तयार झाले. हवामानाला तोंड देणारा उद्योग म्हणतात त्याची पायाभरणी ही अशी चार दशके आधी, कोणतीही घोषणा न करता झाली होती.

आणि तरीही काजू उत्पादक आज सुखी नाही. देशातील काजू कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या बीचा मोठा भाग आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून येतो. आयात बी आली की स्थानिक बीचा भाव पडतो. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात सरकारने २०२३ मध्ये काजू बीला किलोमागे दीडशे रुपये आधारभूत दर ठरवला. नदीच्या अलीकडचे झाड तेच, माती तीच, पाऊस तोच; भाव मात्र व्यापाऱ्याच्या मर्जीचा. बोंडूची गत आणखी वाईट. बीच्या कितीतरी पट वजनाचे, क जीवनसत्त्वाने भरलेले हे फळ आपल्याकडे बहुतांशी झाडाखाली कुजते. गोव्याने त्यापासून फेणी काढली, तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळवून दिला. मद्याचे समर्थन येथे करायचे नाही; परंतु सरबत, सिरप, जॅम, पशुखाद्य, जैविक वायू यांतले काहीच मोठ्या प्रमाणावर उभे राहू नये, ही नामुष्की मात्र मान्य केली पाहिजे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात काजू फळ विकासासाठी पाच वर्षांत १३२५ कोटी रुपये आणि २०० कोटी भागभांडवलाचे काजू मंडळ जाहीर झाले. 'वेंगुर्ला काजू' या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण त्याआधीच मिळालेले आहे. कागदावर आता काही कमी नाही.

कमी आहे ते खेळते भांडवल. हा मुद्दा शहरातील वाचकाने नीट समजून घ्यावा, कारण सर्व छोट्या उद्योगांची नस येथे आहे. काजूची बी बाजारात येते ती साधारण फेब्रुवारीअखेर ते मे या तीन महिन्यांत आणि ती रोखीने घ्यावी लागते. मग ती वाळवायची, साठवायची, वर्षभर थोडी थोडी उकडून, फोडून, सोलून गर काढायचा आणि दिवाळीपर्यंत विकत राहायचे. म्हणजे पैसा मार्चमध्ये गुंततो आणि ऑक्टोबरात सुटतो. गावातल्या बचत गटाकडे किंवा नवशिक्या तरुणाकडे सात महिने अडकवायला पैसा नसतो. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून यंत्राला ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण यंत्र घेऊन तरी काय करणार? बी संपली की ते वर्षातले आठ महिने झाकून ठेवायचे. अखेर घरची बी कच्चीच विकली जाते, व्यापाऱ्याच्या गोदामात जाते आणि मूल्यवृद्धीचा सगळा लाभ दुसऱ्याच गावाला होतो. शेजारच्या घरात यंत्र आणि आपल्या घरात बी असूनही हा तिढा सुटत नाही.

आता थोडे नगरपालिकेविषयी. २०१५ नंतरच्या काही वर्षांत तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने वेंगुर्ल्याने कचऱ्याचे जे केले त्याची वाहवा राज्यभर झाली. घरोघरी विलगीकरण झाले, ओल्या कचऱ्यापासून जैविक वायू आणि वीज निघाली, प्लास्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यात वापरले गेले, पालापाचोळ्याचा कांडी कोळसा झाला आणि जेथे दुर्गंधीने उभे राहवत नसे त्या जागेत बाग फुलली. प्लास्टिकच्या रस्त्यांचे तंत्र मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचे. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकरे पुढे कर्जत, माथेरान येथे गेले आणि तेथेही हेच काम त्यांनी केले. अधिकाऱ्याची बदली होणारच. प्रश्न असा आहे की, कचऱ्यातून निघणारा माल विकत घेऊन त्याचा व्यवसाय करणारा स्थानिक उद्योजक अशा गावांत उभा राहतो का? तो उभा राहिला तर व्यवस्था त्याच्या नफ्याच्या बळावर चालते. न राहिला तर पुढच्या मुख्याधिकाऱ्याच्या उत्साहावर. महाराष्ट्रातील अनेक आदर्श गावांची कथा दुसऱ्या प्रकारची आहे.

नारळाच्या सोडणापासून काथ्या काढण्याचा उद्योग वेंगुर्ल्यात महिलांच्या सहकारी संस्थेने चालवला. सोडण पूर्वी चुलीत जाई. त्याच्या भुशाला आता रोपवाटिकांत मागणी आहे आणि काथ्याच्या जाळ्या मातीची धूप थांबवण्यासाठी उतारावर अंथरल्या जातात. केरळने या एका वस्तूवर लाखो हातांना काम दिले, हे येथे केवळ नोंदवून ठेवावे.

या सर्व प्रयत्नांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. होड्या वल्हवणाऱ्या दहा बायका आणि काजू सोलणारे वीस गट यांच्याने समुद्राचे तापमान कमी होणार आहे का? होणार नाही. जगाच्या कर्ब-हिशोबात वेंगुर्ल्याचे पाप नगण्य आहे, तसे त्याचे पुण्यही नगण्यच राहणार. पण हा आक्षेप घेणारे बहुधा पुढचे वाक्य बोलत नाहीत. याच तालुक्यातल्या रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. रोजगार हवा तर डोंगर द्या, हा सौदा सिंधुदुर्गापुढे पुनःपुन्हा ठेवला गेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा मुद्दाम विचार करायला सांगण्यात आले होते; तिचा २०११ चा अहवाल कोणी स्वीकारला, कोणी धुडकावला. खाणीला विरोध करणे मुंबईत बसून सोपे असते. गावातल्या तरुणाला ट्रकचा हप्ता दिसत असतो, त्याच्यापुढे दुसरा हप्ता फेडता येईल असा धंदा ठेवला तरच तो विरोध टिकतो. बागेत झाड उभे असले की पावसाचे पाणी डोंगरात मुरते, विहिरीला मार्चपर्यंत टिकते. खोदलेल्या डोंगराखालच्या विहिरीचे काय होते ते कोणत्याही खाणपट्ट्यात जाऊन पाहावे. बदलत्या हवामानात ज्या भूभागाला टिकून राहायचे आहे त्याला झाड आणि धंदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. वेंगुर्ल्याचे लहान उद्योग महत्त्वाचे आहेत ते या अर्थाने.

त्यांच्यासाठी शासनाने करायच्या गोष्टी फार नाहीत. आहेत त्या मात्र नेमकेपणाने व्हाव्यात. फळपिकांचा हवामानाधारित विमा ठरावीक तारखांत आणि हवामान केंद्रांच्या नोंदींत बांधलेला असतो. आभाळ आता पंचांग पाहून येत नाही. १६ मे २०२१ आणि २५ मे २०२५ या दोन तारखा विम्याच्या अटी ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी टेबलावरच्या काचेखाली लावून ठेवाव्यात. काजू मंडळाने इमारत आणि बैठका यांच्याआधी बी साठवण्याची गोदामे आणि त्या मालाच्या तारणावर मिळणारे कर्ज यांची व्यवस्था करावी. मांडवीसारख्या खाडीत किती होड्या फिरू शकतात याची मर्यादा ठरवावी, नाहीतर एकाचे चालले म्हणून दहाजण इंजिनाच्या होड्या घेऊन येतील आणि ज्या शांततेसाठी पाहुणे येतात तीच संपेल. मालवणच्या गर्दीचे उदाहरण फार दूर नाही.

समाजाने करायचे काम यापेक्षा मोठे आहे आणि त्याला महाराष्ट्रात परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला त्या पैशातून काचकारखाना निघाला. ते दान नव्हते. देशी उद्योगाला लागणारे, घाई न करणारे भांडवल होते. स्वदेशीचा उच्चार ज्या घरांत आजही आदराने होतो, त्या घरांत दिवाळीला येणारी सुक्या मेव्याची खोकी कोणत्या देशाच्या बीपासून तयार झालेली असतात, याची चौकशी सहसा होत नाही. ती करायला हरकत नाही. दादर, पार्ले, डोंबिवली, ठाणे, कोथरूड येथे सिंधुदुर्गातील चाकरमान्यांची मंडळे आहेत, गृहनिर्माण सोसायट्या आहेत, महिला मंडळे आहेत. एखाद्या सोसायटीतील वीस कुटुंबांनी दिवाळीला लागणाऱ्या काजूचे आणि वर्षभराच्या कोकम सरबताचे पैसे होळीच्या सुमारास आगाऊ दिले आणि माल ऑक्टोबरात घेतला, तर गावाकडच्या एका गटाचा बी खरेदीचा प्रश्न बँकेच्या दारात न जाता सुटतो. यात कोणावर उपकार होत नाहीत. घेणाऱ्याला निवडक, ताजा गर मिळतो. विकणाऱ्याला व्याज पडत नाही. हिशोब चोख ठेवणारा एक माणूस मुंबईत आणि एक गावात, एवढीच त्याची यंत्रणा. अशी माणसे या मंडळांत नाहीत असे कोण म्हणेल? गणपतीला एसटी आणि रेल्वेची शेकडो आरक्षणे जी मंडळी दोन-दोन महिने आधी अचूक करतात, त्यांना हे अवघड जाऊ नये.

पैसे आगाऊ देण्यात एक धोका आहे तो स्पष्ट सांगितलेला बरा. एखाद्या वर्षी मोहोर जळेल, बी कमी येईल, ठरलेला माल पुरा पडणार नाही. तो तोटा कोणी सोसायचा हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. निम्मा घेणाऱ्याने, निम्मा गटाने अशी काही वाटणी ठरवता येईल. हवामानाची जोखीम आजवर एकट्या बागायतदाराच्या डोक्यावर होती, तिचा थोडा भार तिच्याच बागेचा गर खाणाऱ्याने उचलला तर त्यात गैर काही नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात नवी बी फेब्रुवारीच्या अखेरीस येऊ लागते. त्याआधी महिनाभर बोलणी सुरू व्हायला हवीत.